लिनक्सआधीचं ‘ग्नू’

देऊळघाटच्या एखाद्या शाळेतला जुना कॉम्प्युटर विंडोज पेलेना म्हणून बुलढाण्याला दुकानात नेला, की दुकानदार म्हणणार, “सर, लिनक्स टाकून देतो.” तो टाकतो ती ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा उबुंटू किंवा मिंट. त्यातलं लिनक्स म्हणजे नुसता कर्नल, प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा कारभार बघणारा गाभा. हेलसिंकीतला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने 1991 मध्ये लिहिला तो एवढाच गाभा. अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या नावावर घालणं हा सगळ्यांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमनने सप्टेंबर 1983 मध्येच मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम उभारण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला होता. जीसीसी कंपायलर, बॅश शेल, ईमॅक्स एडिटर ही सगळी त्यातलीच. ग्नूचं घोडं अडलं होतं ते कर्नलपाशी. 1990 मध्ये हाती घेतलेला हर्ड हा कर्नल रखडला, टोरवाल्ड्सचा कर्नल आयता मिळाला आणि जोडी जमली.

विश्वास बसत नसेल तर डेबियन या लिनक्स वितरणावर टर्मिनल उघडा. ‘युनेम’ ही आज्ञा नुसती दिली तर उत्तर येतं ‘लिनक्स’. तिच्यापुढे डॅश आणि ‘ओ’ जोडा, उत्तर येतं ‘ग्नू/लिनक्स’. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ला तिची आवृत्ती विचारली, तर ती ‘ग्नू कोअरयुटिल्स’ सांगते आणि लेखकांत स्टॉलमनचं नाव छापते.

या जोडीला ‘ग्नू/लिनक्स’ म्हणा, असा आग्रह धरणाऱ्या स्टॉलमनला स्वतःचं नाव मिरवायचंय, असंही बोललं जातं. माणूस हेकट आहे खरा, पण ग्नू या नावात तो कुठेच नाही. लिनक्समध्ये मात्र लिनस आहे. गंमत म्हणजे ते नावही टोरवाल्ड्सने लावलेलं नाही. त्याच्या मनात ‘फ्रीक्स’ होतं. सर्व्हरवर जागा देणाऱ्या आरी लेमकेने परस्पर ‘लिनक्स’ लिहून टाकलं. स्टॉलमनला ‘लिनक्स’ हा शब्द पुसायचाही नाही, दोन्ही नावं जोडीने घ्या एवढीच त्याची मागणी. ग्नू गाळलं की वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य हा मूळ हेतूही लोकांच्या नजरेआड होतो, असं तो म्हणतो. टोरवाल्ड्सला सरसकट ‘ग्नू/लिनक्स’ म्हणणं हास्यास्पद वाटतं.

हे भांडण परदेशातच राहिलं, असंही नाही. पुण्यातला वापरकर्त्यांचा गट, प्लग, आपलं नाव ‘पुणे ग्नू/लिनक्स युजर्स ग्रुप’ असं लिहितो. मुंबईचा गट बरीच वर्षं ‘इंडियन लिनक्स युजर्स ग्रुप’ म्हणून ओळखला जाई. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन जी. स्टॉलमनच्या विचारांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते, त्यांचा कल कुठे असणार हे उघड आहे. सी-डॅकची सरकारी ‘बॉस’ प्रणाली 2007 मध्ये आली, ती डेबियनवर बेतलेली. डेबियनप्रमाणे तिच्याही पूर्ण नावात ‘ग्नू/लिनक्स’ आहे.

नुसतं लिनक्स म्हटलं तर परवान्याचा भंग होतो का? मुळीच नाही. ग्नूच्या जीपीएल परवान्यात नावाची अट नाही, दोन्ही नावं घेणं ही निव्वळ विनंती आहे. कायद्याने नोंदलेला ट्रेडमार्क आहे तो ‘लिनक्स’ या शब्दाचा, आणि तो टोरवाल्ड्सकडे.

माझ्या मते 1990 च्या दशकात स्टॉलमनची बाजू भक्कम होती. तेव्हा एका सीडी विक्रेत्याने मोजून पाहिलं, तर त्याच्या वितरणातला सुमारे 28 टक्के कोड ग्नूचा आणि जेमतेम 3 टक्के लिनक्सचा निघाला. आज तसं सरसकट म्हणता येत नाही. खिशातल्या अँड्रॉइडमध्ये कर्नल लिनक्स असला तरी ग्नूचं सामान जवळपास नाही, म्हणून खुद्द स्टॉलमनही त्याला ग्नू/लिनक्स म्हणत नाही. अल्पाइन लिनक्सने ग्नूची सी लायब्ररी आणि साधी अवजारं दोन्ही बदलली आहेत. ऑक्टोबर 2025 च्या उबुंटू 25.10 मध्ये तर कोअरयुटिल्सच्या जागी रस्ट भाषेत नव्याने लिहिलेली अवजारं बसली. ग्नूची सी लायब्ररी मात्र तिथे अजून जागच्या जागी आहे.