आयसीयू रुळांवर: जळगावहून निघताना किती ऑक्सिजन घ्याल?

जळगाव ते मुंबई रेल्वेने साधारण 420 किलोमीटर. सात तास धरा. पेशंटला मिनिटाला 10 लिटर ऑक्सिजन चालू आहे. आता सांगा, किती सिलिंडर घ्याल?

रुग्णवाहिकेत दिसतो तो लहान, ‘बी टाइप’ सिलिंडर भरलेला असेल तर साधारण 1500 लिटर वायू देतो. म्हणजे 150 मिनिटं, अडीच तास. गाडीचे सात तास, शिवाय इकडच्या वॉर्डातून फलाटापर्यंत आणि तिकडच्या फलाटापासून नव्या वॉर्डापर्यंत मिळून दोन. नऊ तासांना 5400 लिटर, चार सिलिंडर. झालं? नाही. गाडी कसाऱ्याच्या आसपास सिग्नलला अडकली तर मागवणार कुठून? म्हणून अशा प्रवासात हिशेबाच्या दुप्पट साठा धरतात: 10,800 लिटर, म्हणजे आठ सिलिंडर. एरवी रेल्वेत गॅस सिलिंडर न्यायला बंदी आहे. रुग्णाच्या ऑक्सिजनला वैद्यकीय प्रमाणपत्रावर सूट मिळते. पण आठ नग घेऊन ऐनवेळी टीसीसमोर उभं राहू नका, आधी रेल्वेशी बोला.

मग एवढा खटाटोप कशाला? कारण धक्के. रुग्णवाहिकेत पेशंटचं डोकं बहुधा ड्रायव्हरच्या बाजूला असतं. करकचून ब्रेक लागला की रक्त डोक्याकडे ढकललं जातं, जोरात वेग घेतला की पायांकडे. तुम्हाआम्हाला ते जाणवतही नाही, पण ज्याचा रक्तदाब औषधावर कसाबसा टिकलाय त्याला जाणवतं. रेल्वे वेग हळूहळू घेते, हळूहळू सोडते. डब्यात जागा असते, डॉक्टरला उभं राहून काम करता येतं. बर्थ निवडताना मात्र डब्याच्या मधला घ्या. टोकाचे बर्थ चाकांच्या वर येतात, तिथे हादरे जास्त.

विमानाशी तुलना केली तरी एक फायदा आहे. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब कमी असतो. छातीत हवा साठलेल्या रुग्णात ती हवा फुगते. रेल्वेत हा प्रश्न येत नाही.

तोटा एकच, पण मोठा: वाटेत तब्येत बिघडली तर गाडी रुग्णालयाकडे वळवता येत नाही. चाळीसगाव, मनमाड, नाशिक, जे पुढे येईल ते.

आणि चढवणं! जळगावला बऱ्याच गाड्या दोन-तीन मिनिटंच थांबतात. स्ट्रेचर दारातून आत घेऊन वळवायचा, नळ्या सांभाळायच्या, तोवर शिट्टी. पंचवीसेक किलोमीटर उलटं जाऊन भुसावळला चढवणं विचित्र वाटेल, पण तिथला थांबा बहुधा मोठा असतो.

हे नीट केलं तर जमतं. 26 मार्च 2020 ला फ्रान्सने स्ट्रासबुर्गहून व्हेंटिलेटरवरचे 20 कोविड रुग्ण वेगवान टीजीव्ही गाडीने पश्चिमेकडे हलवले. एका डब्यात चारच रुग्ण आणि त्यांच्यासोबत अख्खी टीम. आपल्याकडे 2021 च्या एप्रिलमध्ये नंदुरबार स्थानकावर रेल्वेचे कोविड डबे उभे होते, ते तुम्हाला आठवत असतील. ते वेगळं प्रकरण: सौम्य लक्षणांच्या रुग्णांसाठीचा, एका जागी उभा असलेला वॉर्ड. दोन्हींना ‘रेल्वे हॉस्पिटल’ म्हटलं की घोळ होतो.

धुळेकरांसाठी माझं मत वेगळं आहे. धुळ्याची गाडी चाळीसगावला वळसा घालून जाते, आणि दिवसभरात पर्यायही मोजकेच. चाळीसगावपर्यंत रुग्णवाहिकेने जाऊन मुख्य मार्गावरची गाडी पकडायची म्हटलं, तर पेशंटला पलंगावरून स्ट्रेचरवर, तिथून डब्यात, परत खाली, परत रुग्णवाहिकेत. श्वासनलिकेतली नळी सरकते किंवा सलाइनची लाइन निसटते ती बहुतेकदा अशा उचलाउचलीत, धावत्या गाडीत नव्हे. त्यापेक्षा मुंबई-आग्रा महामार्गाने, व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णवाहिकेतून सरळ जावं. ड्रायव्हरला मात्र निघण्याआधीच सांगा: घाई नको, ब्रेक हळू.