नाटक वाचताना : काही संज्ञांचा परिचय

पाठ्यपुस्तकातला नाट्यउतारा इतर धड्यांसारखाच छापलेला असतो, म्हणून विद्यार्थी तो धड्यासारखाच वाचतात. कोण काय बोलले एवढे ध्यानात ठेवतात आणि कंसातला मजकूर ओलांडून पुढे जातात. नाटक अशाने हाती लागत नाही. यासाठी काही नित्याच्या नाट्यसंज्ञांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. मुख्य उदाहरण म्हणून महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली लिहिलेले ‘तृतीय रत्न’ घेऊ.

नाटककार कागदावर लिहितो ती संहिता. नटांनी ती प्रेक्षकांपुढे साकार केली की तो प्रयोग. संहिता एकच राहते. प्रयोग प्रत्येक वेळी नवा असतो आणि प्रेक्षकांवाचून तो होऊच शकत नाही. हा भेद किती मोलाचा आहे, हे ‘तृतीय रत्न’च्या वाट्याला जे आले त्यावरून कळते. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. त्यांच्या हयातीत ते छापलेही गेले नाही. ज्यांच्यासाठी ते लिहिले ती माणसे बहुतांशी निरक्षर होती. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही प्रयोग समजतो, ग्रंथ समजत नाही. जोतीरावांनी निबंध न लिहिता नाटक लिहिले, त्यामागे हाच विचार असावा असे आम्हांस वाटते.

घटनांच्या कार्यकारणाने बांधलेल्या साखळीस कथानक म्हणतात. येथे एका गरोदर कुणबी स्त्रीला जोशी ग्रहांची भीती घालतो. ते दांपत्य ग्रहशांतीपायी खर्चात आणि कर्जात बुडते. पुढे डोळे उघडल्यावर दोघेही शिकण्याचा निश्चय करतात. आता संघर्ष पाहा. संघर्ष म्हणजे भांडण, अशी समजूत सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. दोन इच्छा, दोन हितसंबंध किंवा भय आणि विवेक समोरासमोर आले की संघर्ष उभा राहतो, मग कोणी आवाज चढवो वा न चढवो. हे दांपत्य प्रथम जोश्याला विरोध करीत नाही. त्याचे म्हणणे मुकाट्याने ऐकते. विरोधाचा सूर उमटतो तो विदूषकाच्या मुखातून. संस्कृत नाटकातला विदूषक बहुधा राजाचा खादाड ब्राह्मण मित्र असतो. जोतीरावांचा विदूषक मात्र जोश्याचेच कावे प्रेक्षकांपुढे उघडे करतो. जुनी भूमिका अशी उलटी फिरविणे हे या नाटकाचे मोठे बळ होय.

नाटकाचे मोठे विभाग म्हणजे अंक, अंकातले पोटविभाग म्हणजे प्रवेश. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चे पाच अंक आहेत, स्नेहसंमेलनात होते ती बहुधा एकांकिका. पात्राच्या रंगमंचावर येण्यालाही ‘प्रवेश’च म्हणतात, तेव्हा संदर्भ पाहून अर्थ घ्यावा.

पात्र मनातले मोठ्याने बोलते ते स्वगत. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ते ऐकू येते आणि शेजारच्या पात्राला येत नाही! हा नाट्यसंकेत आहे. नट आणि प्रेक्षक यांनी तो मुकाट्याने मान्य केलेला असतो. इतरांना टाळून एकाच पात्राशी केलेले बोलणे म्हणजे जनांतिक.

‘नेपथ्य’ या शब्दाचा प्रवास मौजेचा आहे. संस्कृतात नेपथ्य म्हणजे नटांची वेशभूषा आणि पडद्यामागची वेश करण्याची जागा; आज आपण रंगमंचावरच्या दृश्यरचनेला नेपथ्य म्हणतो. पडद्यामागचा शब्द पडद्यापुढे आला.

राहिल्या रंगसूचना, म्हणजेच तो कंसातला मजकूर. ‘होय’ हा एकच शब्द ‘हसून’ म्हटला, ‘मान खाली घालून’ म्हटला किंवा ‘दाराकडे पाहत’ म्हटला, तर तीन निराळी माणसे उभी राहतात. वर्गात नाट्यउतारा वाचताना एका विद्यार्थ्याकडे केवळ रंगसूचनांचे वाचन सोपवावे आणि इतरांनी त्याप्रमाणे उठावे, बसावे, वळावे. ‘क्षणभर स्तब्धता’ असे आले, तर तेवढा वेळ सर्वांनी खरोखरच थांबावे.