चिमूटभर बोरॉन आणि ठिसूळ पातं

नोव्हेंबर 2019 मध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाने, डीजीसीएने, इंडिगोला ए320 निओ विमानांवरची प्रॅट अँड व्हिटनीची जुनी इंजिनं बदलायला सांगितलं. त्या गदारोळात एका गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. टर्बाइनच्या तिसऱ्या टप्प्यातली तुटणारी पाती टायटॅनियम-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती आणि त्यांच्या जागी आली ती निकेलची, म्हणजे दुप्पट जड. ‘उद्याचा धातू’ म्हणून गाजलेल्याला असा नारळ का मिळाला?

गुण तर खरेच आहेत. घनता घन सेंटिमीटरला सुमारे 4 ग्रॅम आणि 700 अंश सेल्सियसलाही ताकद शाबूत. खोट एकच: साध्या तापमानाला हा धातू जेमतेम एक-दोन टक्के ताणला जातो आणि तुटतो. त्यातून धातूतले स्फटिकांचे कण मोठे असले, की त्यांच्या आतल्या थरांमधून तड्याला सरळ वाट मिळते. कण बारीक, तर धातू बळकट, हे हॉल (1951) आणि पेच (1953) यांनी पोलादावर दाखवून ठेवलं होतंच.

मग कण बारीक करायचे कसे? लोणकढं तूप सावकाश निवलं तर रवाळ होतं, झटकन गार केलं तर रवा धरत नाही. इथे मात्र ती घाई परवडत नाही. हा धातू साच्यातच तडकतो. म्हणून बोरॉन. ॲल्युमिनियमच्या ओतकामात टायटॅनियम बोराइडचे कण वितळलेल्या रसात बीजाचं काम करतात. तोच कित्ता इथे गिरवला, तर बोरॉन टक्काभर लागे आणि बोराइडच्या लांब पट्ट्याच तड्याला निमंत्रण देत.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट जर्मनीतल्या आखेनची. उलरिके हेश्ट आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये निओबियमयुक्त मिश्रधातूंत दाखवलं, की अगदी थोडं बोरॉनही पुरतं. बीजं रुजतात ती रसात नव्हे, तर धातू गोठल्यानंतर, घन अवस्थेतच त्याची स्फटिकरचना पालटते तेव्हा! ऑस्ट्रियातल्या लेओबेनचे हेल्मुट क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांच्या ‘टीएनएम’ मिश्रधातूत बोरॉन अवघं 0.1 टक्का आहे. प्रॅटच्या त्या इंजिनातली पाती याच धातूची, घडवलेली.

तरीही ती तुटली. बारीक कणांमुळे धातू घडवता येतो आणि प्रत्येक पातं एकसारखं उतरतं. अणूंमधले ताठर बंध मात्र बदलत नाहीत. इंजिनातला एखादा तुकडा वेगाने येऊन आदळला, की तो ताठरपणा नडतो. म्हणून हा धातूच टाकाऊ, असंही नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या (जीई) एस. सी. ह्वांग यांच्या 1989 च्या पेटंटातल्या मिश्रधातूची पाती जीईएनएक्स इंजिनाच्या शेवटच्या टप्प्यांत अजूनही फिरताहेत. वीसेक वर्षं वाट पाहून ती उडाली. ह्वांग यांचं नाव मात्र किती जणांनी ऐकलंय?

नव्या धातूच्या जाहिरातीत वजन आणि ताकद ठळक छापतात. धक्का सोसण्याचा आकडा तिथे नसेल, तर आधी तो मागावा.