पणजीचं माहेरचं नाव

तुमच्या पणजीचं माहेरचं आडनाव सांगता येईल तुम्हाला? बचत गटाच्या बैठकीत मी हा प्रश्न अधूनमधून विचारते. आजीपर्यंत बऱ्याच जणी पोहोचतात, पणजीपाशी मात्र थबकतात. आपल्याकडे तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं, की जुनं नाव माहेरीच राहतं ना!

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बायकांची माहेरची नावं सापडतात. माझी भाची मॉन्ट्रियलला असते. तिच्याकडून हे ऐकलं आणि मी या विषयाच्या मागेच लागले.

सतराव्या शतकात तिथं फ्रान्सची वसाहत होती. पुरुष भरपूर, बायका मोजक्या. म्हणून चौदाव्या लुई राजाने १६६३ ते १६७३ या काळात सुमारे पावणेआठशे तरुणी सरकारी खर्चाने जहाजातून पाठवल्या. त्यांना ‘राजाच्या लेकी’ म्हणतात. त्यातल्या कित्येक पोरक्या होत्या. पण लग्नाआधी नोटरीसमोर करार होई आणि तो मोडून दुसरा नवरा पसंत करणाऱ्याही त्यात निघाल्या!

या मुलींची लग्नं झाली, पण कागदावरचं नाव बदललं नाही. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळ्याची नोंद होई आणि तीत बाईचं माहेरचंच नाव लिहिलं जाई. लग्नाच्या नोंदीत सहसा वधूवरांच्या आयांचंही माहेरचं नाव असे. त्यामुळे लेकीकडून आईकडे, आईकडून आजीकडे असा धागा पकडत मागे जाता येतं. मॉन्ट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून या जुन्या नोंदी जुळवून कुटुंबंच्या कुटुंबं उभी केली आहेत.

गंमत म्हणजे, घोळ आहे तो पुरुषांच्या नावांचा. १६६५ मध्ये फ्रान्सहून आलेल्या पलटणीतले सुमारे चारशे शिपाई तिथंच स्थायिक झाले. शिपायांना टोपणनावं असत. कुणी ‘लाफ्लर’ म्हणजे फूल, कुणी ‘सांसूसी’ म्हणजे बिनघोर. आपल्या ‘उर्फ’सारखा ‘दी’ हा शब्द मध्ये घालून ती मूळ आडनावाला जोडली गेली. पुढे एका भावाच्या वंशात मूळ आडनाव टिकलं, दुसऱ्याच्या वंशात टोपणनाव. एकाच घराण्याची दोन आडनावं! अशा वेळी बायकोचं माहेरचं नाव पाहून हाच तो माणूस, अशी खात्री करता येते.

मुलांच्या नावांचीही एक रीत होती. पुढे पुढे मुलगी झाली की आधी मारी, मग धर्ममातेचं नाव आणि शेवटी हाक मारायचं नाव. मुलाला तसंच आधी जोसेफ, मग धर्मपित्याचं नाव. मूल दगावलं, तर पुढच्या बाळाला बऱ्याचदा तेच नाव देत. वहीत एकाच आईची एकाच नावाची दोन मुलं दिसतात, तेव्हा जीव गलबलतो.

पुढे तिथंही चारचौघांत बाई नवऱ्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पण १९८१ च्या कायद्याने व्यवहारात जन्माचंच नाव वापरायचं ठरलं.

आता आपल्याकडे या. वडिलांच्या जमिनीला वारस म्हणून नाव लावायला गेलेल्या बाईबरोबर मी कितीदा तरी कचेरीत बसले आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. मग ‘या दोन्ही मीच’ हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्र, हेलपाटे. ज्या घरात जन्मली, त्या घराची लेक आहे हेच तिला पटवून द्यावं लागतं! कंटाळून काही जणी हक्क सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत नावापुढे आईचं, मग वडिलांचं नाव लावणं बंधनकारक झालं. हे चांगलंच झालं. पण त्याआधीच्या बायकांचं काय?

मैत्रिणींनो, नाव बदलायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण दोन गोष्टी जरूर करा. शाळेचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र आणि नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत एकाच पिशवीत जपून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसून तिचं, तिच्या आईचं आणि आजीचं माहेरचं नाव, गाव वहीत उतरवून घ्या. आपल्या वंशावळीत बापलेकांची रांग असते. निदान आपल्या वहीत तरी मायलेकींची रांग असू दे.