अकराव्या तासाचं वजन

पहाटे ३.१०

न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्याच्या मधोमध आहे आणि काळी पेटी कडेवर घेऊन मी त्यावर उभा आहे. बायको झोपेतून उठून पाणी प्यायला आली, एकदा बघितलं, काही न बोलता परत गेली. पंधरा वर्षांत तिला सवय झाली आहे. माझं वजन वजा करता पेटी भरते १४ किलो ६०० ग्रॅम. तिकिटावर परवानगी १५ किलोची. उरलेल्या चारशे ग्रॅममध्ये स्वेटर बसला असता, पण डिसेंबरात काटोलकडे थंडी असते, म्हणून स्वेटर अंगात चढवला आणि त्याच्या जागी एक जादा क्लॅम्प टाकला.

हा चारशे ग्रॅमचा हिशेब खरं तर आठ दिवसांपूर्वीच सुरू झाला. माहितीपट संत्र्यावर आहे, दोन दिवसांचं काम, पहिला दिवस बागेत आणि दुसरा नागपूरच्या कळमना बाजारात. निर्मात्याने फोनवर विचारलं, "मोठं आणतोयस ना?" मोठं म्हणजे माझ्याकडचं स्टेडिकॅम: अंगावर घालायचं जाकीट, त्याला स्प्रिंगचा हात आणि त्या हाताच्या टोकाला कॅमेरा पेलणारी दांडी. कॅमेऱ्यासकट पंचवीस किलोच्या आसपास जातं. मी म्हटलं, बागेचे फोटो पाठवा. फोटोत झाडांच्या फांद्या छातीइतक्या खाली आल्या होत्या आणि फळांच्या भाराने मोडू नयेत म्हणून त्यांना बांबूचे टेकू लावलेले. जाकीट घालून त्यातून जायचं म्हणजे हत्ती घेऊन बोळात शिरण्यासारखं. दुसरा पर्याय होता मोठ्या रिंगचं गिंबल, म्हणजे मोटरांनी कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र, रोनिन २ सारखं. ते १३.६ किलोचा कॅमेरा पेलतं. पण ते पेलतं म्हणून काय झालं, त्याला कोण पेलणार?

म्हणून पेटीत आरएस ३ प्रो आहे, हातात धरायचं छोटं गिंबल. यंत्र दीड किलोचं, पेलतं साडेचार किलो. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे बॅटरी बारा तास चालते. माझा हात चालत नाही. कुठलंही गिंबल निवडताना मी ते पहिल्या तासात हातात कसं वाटतं हे बघतच नाही. घरातून निघाल्यापासून अकराव्या तासात त्याचं वजन किती झालेलं असेल, तेवढंच बघतो.

४.३०

विमानतळ. पेटी काट्यावर १४.८ दाखवते. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचं कधी पटल्याचं मला आठवत नाही, म्हणून थोडी गुंजाइश ठेवायचीच.

बॅटऱ्या पाठीवरच्या पिशवीत. सुटी लिथियम बॅटरी विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाही, ती प्रवाशासोबत केबिनमध्येच हवी. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीला विचारून जास्तीत जास्त दोन नेता येतात, आणि त्यापुढची असेल तर घरीच ठेवायची. बाजारात ९८ वॉट-तासांच्या व्ही-लॉक बॅटऱ्या एवढ्या का दिसतात, याचं उत्तर या रांगेत आहे. माझी प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, तोंडाला चिकटपट्टी, आणि आकड्याचं लेबल वर. लेबल पुसट झालं की बॅटरी कितीही चांगली असो, मी ती प्रवासातून बाद करतो. तपासणीच्या जवानाला तुमच्या तोंडी हिशेबाशी देणंघेणं नसतं, आणि ते बरोबरच आहे.

गिंबलची मूठ म्हणजेच त्याची बॅटरी. ती यंत्रापासून सुटी करून इथेच घेतलेली. एकदा ती पेटीत राहिली होती. चढायला दहा मिनिटं असताना माझ्या नावाचा पुकारा झाला, खाली जाऊन चारजणांसमोर पेटी उघडली, मूठ काढली, आणि विमानात सगळ्यात शेवटी मी चढलो. त्या दिवसापासून मूठ रात्री उशाजवळ असते.

६.२०

विमानात. खिडकीबाहेर काळोख. झोप येत नाही तेव्हा मी गॅरेट ब्राउनची गोष्ट आठवतो. सत्तरच्या दशकात या अमेरिकन माणसाने स्टेडिकॅम शोधून काढलं. तत्त्व एका वाक्यात सांगता येतं: कॅमेरा शरीरापासून तोडायचा, आणि त्याचं वजन वर-खाली पसरवून त्याला सहज हलू द्यायचं नाही. १९७६ च्या 'बाउंड फॉर ग्लोरी' मध्ये ते पहिल्यांदा मोठ्या चित्रपटात वापरलं गेलं. ब्राउन क्रेनवर बसून खाली येतो, क्रेनवरून उतरतो आणि तोच शॉट न तुटता शेतमजुरांच्या छावणीतल्या गर्दीतून चालत पुढे जातो. १९७८ मध्ये या शोधाला ऑस्कर मिळालं. आज मीही शेतमजुरांमागेच चालणार आहे. क्रेन मात्र नाही, निर्मात्याला ती परवडत नाही.

९.२०

काटोलच्या अलीकडे बाग. नागपूरपासून दीड तास, वाटेत एका टपरीवर चहा आणि तर्री-पोहे. पोह्यांवर सविस्तर लिहायचा मोह आवरतो.

आंबिया बहाराची तोडणी जोरात आहे. बागमालक काका हात जोडून पुढे आले आणि पहिलं वाक्य: "फांदी मोडू नका बाप्पा." मागे त्यांचा पुतण्या, विशीतला, काटोलला लग्नांची शूटिंग करतो. तो माझ्या पेटीकडे बघतोय, माझ्याकडे नाही.

९.५०

पॅकिंगच्या शेडमध्ये एक सपाट फरशी सापडली. इथे अर्धा तास कुणी माझ्याशी बोलू नये.

कॅमेरा बॅटरी-कार्डासकट सातशे ग्रॅमच्या जरा वर, २४ मिलीमीटरची लेन्स साडेचारशे. मोटरा बंद ठेवून आधी टिल्ट, मग रोल, शेवटी पॅन. लेन्स समोर, हात सोडला, कॅमेरा नाकावर आपटला म्हणजे प्लेट मागे घ्यायची. मग लेन्स आकाशाकडे, पुन्हा हात सोडायचा. शेवटी सगळं यंत्र आडवं धरायचं. वरचा हात स्वतःहून गडगडला नाही तर पॅन झाला. कुठल्याही कोनात सोडा, कॅमेरा तिथेच राहिला पाहिजे, ताटात ठेवलेल्या लाडवासारखा. आणि फिल्टर, मॉनिटरची केबल, लेन्सची झाकणं, शॉटमध्ये जे जे असणार ते सगळं आत्ताच लावायचं किंवा काढायचं. नंतर फिल्टर लावला की हिशेब मोडलाच.

पुतण्या न राहवून म्हणाला, "सर, मोटर लावल्यावर थे आपोआपच सरळ होते नं जी?" होतं. तिथेच तर फसगत आहे. मोटर वाईट बॅलन्स झाकते, पण दिवसभर त्याच्याशी कुस्ती खेळते. तापते, बॅटरी खाते, आणि दुपारी चारला बारीक थरथर सुरू होते, जी छोट्या मॉनिटरवर दिसत नाही आणि एडिटच्या टेबलावर लपत नाही.

प्लेटबद्दल एक सांगून टाकतो. सात-आठ वर्षांपूर्वी कोकणात एका कामाला सगळं घेऊन पोचलो आणि कॅमेऱ्याखालची प्लेट घरी ट्रायपॉडवर राहिली होती. तळहाताएवढा धातूचा तुकडा. त्यावाचून दोन लाखांचं सामान म्हणजे भंगार. तो दिवस मी खांद्यावर कॅमेरा ठेवून काढला आणि पुढच्या कामाला मला कुणी बोलावलं नाही. आता दुसरी प्लेट पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली असते.

१०.४५

किरकोळ शॉट. झाड, हात, क्रेट, शिडी. यांना खरं तर ट्रायपॉड पुरला असता, पण गिंबल आणलंय म्हटल्यावर दिग्दर्शकाला स्थिर काही दिसतच नाही. हा रोग सगळीकडे आहे.

१२.१०

आता चालणं. गिंबल तीन गोष्टी सांभाळतं: कॅमेरा डावी-उजवीकडे वळणं, वर-खाली झुकणं आणि बाजूला कलणं. पण पावलागणिक संपूर्ण कॅमेरा जो वर-खाली उचलला जातो, तो मोटरांच्या हातात नाही. स्टेडिकॅमचा स्प्रिंगचा हात ते काम करतो. इथे ते गुडघ्यांनी करायचं. गुडघे वाकवून, टाच आधी, मग तळवा, मग चवडा, कंबर एका पातळीत. बदकासारखी चाल. काळ्या मातीची ढेकळं, मध्ये ठिबकच्या नळ्या. सराव करत होतो तर क्रेट वाहणारी एक आजी थांबली. "भाऊ, तुमी असे काऊन चालता? पाय दुखते काय?"

मी सांगितलं काय करतोय ते. ती हसली आणि निघाली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर संत्र्यांनी भरलेला क्रेट, एक हात मोकळा, पदर सावरायला. मी मॉनिटरवरून तिला बघत होतो. पाय ढेकळांवर वर-खाली होत होते, गुडघे-कंबर सगळं गिळत होते, आणि क्रेटची कड मागच्या बांबूंवरून सरळ रेघेत सरकत होती. वरचं एकही संत्रं हललं नाही. मग मी तिच्या मागे चालत तिच्या पावलात पाऊल टाकायला लागलो. ती जिथे पाय ठेवते तिथे ढेकूळ नसतं, हे तेव्हा कळलं.

१.१०

जेवण. बांधावर भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. ताकाला मी नाही म्हटलं. पुढचे दोन तास वाकून चालायचंय.

२.१५

घरातून निघून अकरावा तास. आणि कॅमेरामनसाहेब नेहमीप्रमाणे दिवसातला सगळ्यात लांब शॉट जेवणानंतरच काढणार.

शॉट असा: आजी झाडाखालून क्रेट उचलते, आम्ही मागे. फांद्यांखालून, टेकूंमधून, ओळ ओलांडून उन्हात, मग शेडच्या सावलीत. ती क्रेट ओतते, कॅमेरा तिला सोडून संत्र्यांच्या राशीवरून निवडणाऱ्या हातांवर जातो. अडीच मिनिटं, न तोडता. शेवटचे पाच-सहा टप्पे मला उलटं चालायचंय. माझ्या कमरेचा पट्टा पुतण्याच्या मुठीत दिला आहे. त्याला एकच सूचना: ओढायचं नाही, नुसतं धरायचं, आणि अडथळा आला की पट्टा खाली दाबायचा.

पहिल्या टेकला फांदी लेन्सला चाटून गेली. काकांनी फांदी बघितली, लेन्स नाही. दुसरा छान, पण क्षितिज हळूहळू डावीकडे कलत होतं. तिसऱ्यालाही तेच. पुन्हा बॅलन्स तपासला, बरोबर. मोटरा पुन्हा कॅलिब्रेट केल्या, तरी तेच. मग दिसलं: उन्हात बसलेल्या मदतनिसाने दुपारी मॉनिटरची केबल बदलली होती. मऊ, बारीक केबलच्या जागी जाड, ताठ. कॅमेरा वळला की ती स्प्रिंगसारखी त्याला मागे ओढत होती. पंधरा ग्रॅमचा फरक नाही, पण ताठरपणा पुरला. बारीक केबल लावली, वेटोळं सैल सोडलं. या कामात बिघाड शोधायचा तर आधी केबल बघावी. बहुतेक वेळा तिथेच थांबता येतं.

चौथ्याला दंड भरून आले. तीन किलो म्हणजे काही नाही असं वाटत असेल तर दोन्ही हात पुढे करून तीन किलो साखर पाच मिनिटं धरून बघा, आणि मधून मधून वाका. पाचव्याला शेडमधला रेडिओ कुणीतरी बंद करायचं विसरलं. सहाव्याला आजी थकली असेल म्हणून दिग्दर्शक विचारायला गेला. ती म्हणाली, "मले काय होते, त्या भाऊले विचारा."

सहावा झाला. अडीच मिनिटं, आणि शेवटी राशीतून एक हात वर येऊन डागी फळ बाजूला टाकतो तिथे कॅमेरा आपोआप थांबल्यासारखा थांबला. मोठं जाकीट आणलं असतं तर हात दुखले नसते. पण मी दुसऱ्याच झाडात अडकून पडलो असतो.

५.३५

सूर्य गेला. शेवटच्या वीस मिनिटांत गिंबल उलटं धरून जमिनीलगतचे शॉट घेतले, पाचोळ्यातून, गळालेल्या फळांवरून. घाईत केलेलं काम, पण उजेड चांगला होता.

८.३०

नागपूरचं लॉज. फुटेजच्या दोन प्रती, वेगवेगळ्या डिस्कवर. ब्रशने मोटरांच्या फटींतली माती. बॅटऱ्या चार्जरला. पेटीत प्रत्येक वस्तूचा खण ठरलेला, त्यामुळे काय राहिलं हे बघायला यादी लागत नाही, रिकामा खण दिसतो. उद्या पहाटे कळमना.

पुतण्याचा फोन. "सर, मी कोणता घेऊ? तुमच्यावालाच का त्याच्यापेक्षा मोठा? हप्त्यावर भेटून राहिला." लग्नात तो दिवसाला चौदा तास उभा असतो, एकटा, लाइट आणि बॅगही त्याचीच. कॅमेरा छोटा. त्याला तीन किलो पेलणारंसुद्धा पुष्कळ. पण विशीत हे कुणी सांगून पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

म्हणून एवढंच म्हटलं, "विकत नको घेऊ. आधी भाड्याने आण, आणि सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या बिदाईपर्यंत हातात ठेव. अर्ध्या दिवसाचं भाडं भरू नकोस. पूर्ण दिवसाचं भर."