कंपनी विकत घेण्यापूर्वीं

बैल घेणारा शेतकरी दांत पाहून, नांगराला जुंपून मगच पैसे मोजतो. कंपनी घेणाऱ्यानेंही तसेंच करावें.

लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअर इत्यादि विद्युत् उपकरणांचा धंदा, अहमदनगर म्हणजे आतांच्या अहिल्यानगर येथील कारखान्यासह, श्नायडर व टेमासेक यांनीं १४,००० कोटी रुपयांस घेण्याचें २०१८ सालीं ठरविलें. व्यवहार पुरा झाला ३१ ऑगस्ट २०२० रोजीं. मध्यंतरीं स्पर्धा आयोगानें बाजारावरील परिणाम तपासून कांहीं अटी घातल्या.

घेणाऱ्यानें स्वतः काय पाहावें? जमिनीचा हक्क, कर्ज, थकलेले कर, कोर्टांतील दावे आणि कामगारांची ग्रॅच्युइटी. कंपनीचे शेअर घेतले कीं तिचें जुनें देणें तिच्याबरोबरच येतें. नुसता धंदा घेतला तर कोणतें देणें कोणाकडे, हें करारांत स्पष्ट लिहावें लागतें. ताळेबंद वाचावाच, पण गुदामांतील मालही मोजावा. तपासणी चुकली तर तोटा मालकापुरता राहत नाहीं. कामगारांच्या घरांसही तो भोगावा लागतो.