मूठ बदलण्याआधी: रिव्हॉल्व्हरविषयीचे काही पक्के गैरसमज

रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर दोन बाजूंनी बसवलेल्या लाकडी पट्ट्या किंवा रबराचं आवरण, म्हणजेच ग्रिप, हा त्या यंत्राचा सगळ्यात साधा भाग. बहुतेक वेळा एक स्क्रू सोडवला की तो हातात येतो. म्हणूनच त्याविषयी बेफिकिरी फार. तडा गेला की चिकटवायचं, बसत नसेल तर कानस मारायची, नवी हवी असेल तर ओळखीच्या सुताराला सांगायचं. जळगाव-धुळ्याकडे परवान्याचं हत्यार बाळगणाऱ्या प्रत्येकाने यातली प्रत्येक गोष्ट एकदा नीट तपासून पाहायला हवी.

‘मूठ म्हणजे नुसतं लाकूड, त्याला कसला आलाय कायदा?’ हा सगळ्यात महागात पडणारा समज. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्रांचे भागही मोडतात. त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची विक्री, रूपांतर, दुरुस्ती किंवा चाचणी करणाऱ्याकडे त्या कामाचा स्वतंत्र परवाना असावा लागतो. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसऱ्या माणसाने शस्त्र दुरुस्तीसाठी नेण्याची मुभा कलम ३ देतं, पण ते जिथे पोहोचतं तिथे दुरुस्तीचा परवाना हवाच. माप घ्यायला म्हणून सुताराकडे दोन दिवस रिव्हॉल्व्हर ठेवलं, तर त्या दोन दिवसांत ते विनापरवाना माणसाच्या ताब्यात असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान २ वर्षं आणि कमाल ५ वर्षं झाली आहे. ज्या गरीब कारागिराने केवळ ओळखीखातर काम घेतलं, त्याला आपण कशात ढकलतो आहोत, याचा विचार मालकाने करायचा आहे.

दुसरा समज तितकाच पसरलेला: ‘रबरी मूठ घातली की धक्का कमी होतो.’ गोळी पुढे जाताना हत्यार जितक्या जोराने मागे येतं, तो जोर गोळी, दारू आणि हत्याराचं वजन यांवर ठरतो. मूठ त्यात जवळजवळ काहीच बदलत नाही. ती तो धक्का तळहाताच्या मोठ्या भागावर पसरवते, म्हणून हाताला कमी बोचतो. हा फरक खरा आहे आणि उपयोगाचाही. पण हत्यार उसळायचं तेवढं उसळतंच. हलकं रिव्हॉल्व्हर नवख्याला सोपं, असं सांगणारेही भेटतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये महिलांना डोळ्यांसमोर ठेवून ‘निर्भीक’ हे .३२ चं रिव्हॉल्व्हर आणलं, वजन सुमारे ५०० ग्रॅम. पर्समध्ये मावायला ते सोयीचं, परंतु तीच गोळी हलक्या हत्यारातून सुटली की हाताला झटका जास्त बसतो. अशा हत्यारात मूठ हाताला बेताची बसणं अधिकच महत्त्वाचं ठरतं.

बेताची म्हणजे कशी? इथे लोक ‘मोठी मूठ, घट्ट पकड’ असं धरून चालतात. प्रत्यक्षात अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी मुठीच्या पाठीवर जितकी वर बसेल तितकी पकड चांगली, आणि त्याच वेळी तर्जनी न ताणता चापापर्यंत पोहोचली पाहिजे. मूठ जाड झाली की बोट तोकडं पडतं, माणूस नकळत मनगट फिरवतो आणि नळी बाजूला वळते. फार बारीक असेल तर प्रत्येक गोळीनंतर हत्यार हातात सरकतं. आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. वेब्लीच्या घाटणीचं जुनं कानपुरी रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडतं, त्यामुळे मुठीचा फुगवटा त्याला आडवा येत नाही. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चं सिलिंडर मात्र बाजूला निघतं. अशा हत्याराला डावीकडून फुगलेली मूठ लावली, तर रिकामी काडतुसं बाहेर पडताना तिला अडकू शकतात.

नवी मूठ बसत नाही म्हणून सांगाड्यालाच कानस लावणं हा तर अक्षम्य प्रकार. घासायची ती मूठ, लोखंड कधीच नाही. जुन्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरांत क्रमांक मुठीच्या सांगाड्याच्या तळाशीच कोरलेला असतो. क्रमांक खोडलेलं शस्त्र कुणाजवळ सापडलं, तर तो त्यानेच खोडला असं कायदा गृहीत धरतो. निर्दोष असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मग मालकावर येते.

सांबरशिंगाच्या किंवा हस्तिदंताच्या मुठीचं आकर्षण जुन्या घराण्यांत अजून टिकून आहे. ‘आजोबांच्या वेळची आहे, विकायला काय हरकत?’ हरकत मोठी आहे. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ मध्ये आणि आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ मध्ये बंद झाला. सांबराचं शिंगही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतं. अशी मूठ घरात असेल तर तिची कागदपत्रं शोधा. नवी घेण्याच्या नादाला लागू नका. शिसव किंवा अक्रोडाचं लाकूड दिसायला काही कमी नाही.

देखणी मूठ दिसली की हत्यार कंपनीचं, हा समज आपल्या भागात विशेष घातक आहे. चोपडा तालुक्याला लागून, सीमेपलीकडे मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यात असलेलं उमर्टी गावठी पिस्तुलांच्या कारवायांमुळे वारंवार बातम्यांत येतं. अशा हत्यारांवर चकचकीत मुठी आणि परदेशी शिक्केही असतात. मुठीवरून हत्याराची जात कळत नाही. परवाना, क्रमांक आणि बिल यांवरूनच ती कळते. वरणगाव-भुसावळला आयुध निर्माणी आहे, तिथून सुटे भाग मिळतात, ही समजूतही तशीच खोटी: वरणगावला लहान शस्त्रांचा दारूगोळा बनतो, रिव्हॉल्व्हर नाही.

खंडेनवमीच्या पूजेबद्दलही सांगायलाच हवं. हळद-कुंकू, पाणी, नारळाचं पाणी मुठीच्या फटीतून आत उतरतं, आणि पट्टीखाली मुख्य स्प्रिंगजवळ गंज धरतो. बाहेरून हत्यार लखलखीत दिसतं. पूजा जरूर करा, पण हत्यार कापडावर ठेवून, फुलं वाहून. लाकडी मुठीला तेल चोपडत राहण्याचाही फायदा नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, लाकूड आकसतं, आणि पट्टी हलायला लागते ती त्यामुळे. तेल त्यावर उपाय नाही. सैल झालेली पट्टी आवळण्यासाठी स्क्रूला जोर लावला, तर लाकूड मधोमध चिरतं.

आणि काही करण्याआधी सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, घरातल्या मुलांना दूर ठेवायचं. मग ते हत्यार अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे न्यायचं. दुकानदाराच्या परवान्यात दुरुस्तीचा उल्लेख आहे की नाही, हे विचारायला लाजू नका. तो तुमचा हक्क आहे.